मागितली होती फक्त इमारत

एक पत्र समोर ठेवू. तारीख २३ एप्रिल १९५१, वार सोमवार. गाव फार्मव्हिल, म्हणजे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचे मुख्य ठिकाण. सगळा मुलूख तंबाखूच्या शेतीचा. पत्र लिहिणाऱ्या दोघी शाळकरी मुली, बार्बरा जॉन्स आणि कॅरी स्टोक्स. पत्र जायचे होते रिचमंड शहरात, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांकडे.

मजकूर छोटा आणि अदबीचा आहे. तुम्हाला तसदी देणे बरे वाटत नाही, पण वेळच तशी आली आहे, अशी सुरुवात. मग एका वाक्यात तक्रार: रॉबर्ट मोटन हायस्कूल या नावाने आम्हाला जी इमारत आणि ज्या सोयी दिल्या आहेत, त्या अपुऱ्या आहेत. मग बातमी: आज सकाळी विद्यार्थ्यांनी वर्गात बसायला नकार दिला. मग काळजी: शेवटच्या वर्षाच्या मुलांना शाळा पूर्ण करायची आहे आणि घरी बसून ती होणार नाही. मग विनवणी: याच आठवड्यात या, जमल्यास बुधवारी, सकाळी आठ ते दुपारी तीनच्या दरम्यान. आणि जाता जाता एक ओळ: तुमच्या मुक्कामाची सोय आम्ही करू.

या ओळीवर क्षणभर थांबायला हवे. त्या काळच्या व्हर्जिनियात गोऱ्यांच्या हॉटेलात कृष्णवर्णीय वकिलाला खोली मिळत नसे. पाहुण्याला कोणाच्या तरी घरी उतरवावे लागणार, हे मुलींना कोणी शिकवायची गरज नव्हती. वर्णभेदाचा पत्रातला एवढाच काय तो उल्लेख, आणि तोही न बोलता केलेला. बाकी सगळ्या पत्रात गोऱ्यांच्या शाळेचे नाव नाही, आम्हाला त्यांच्याबरोबर बसवा अशी मागणी नाही. मागणी इमारतीची आहे.

तीन वर्षांनी हेच प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शालेय वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाचा भाग झाले. इमारतीची मागणी तिथपर्यंत कशी पोचली, हे कागदांवरून जवळजवळ दिवसवार लावता येते.

*

अस्सल कागद कोणता आणि मागाहून लिहिलेली हकीकत कोणती, हे आधी वेगळे करायचे, ही सवय मराठी वाचकाला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लावून दिली आहे. इथेही तीच चाळणी लावू. अस्सल म्हणावेत असे कागद म्हणजे वरचे पत्र, फेडरल न्यायालयातला दावा क्रमांक १३३३, त्याला पुरावा म्हणून जोडलेली छायाचित्रे आणि दोन न्यायालयांची निकालपत्रे. दुसऱ्या प्रतीची साधने म्हणजे आठवणी. बार्बराने पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली पाने, संपातल्या इतर मुलांच्या आणि वकिलांच्या मुलाखती, आणि पत्रकार बॉब स्मिथ यांनी सहभागी माणसांना भेटून १९६५ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक. आठवणीत रंग भरला जातो, म्हणून त्या टाकून द्यायच्या नाहीत. पण जिथे आधार आठवणीचा आहे तिथे तसे सांगायचे.

आधी इमारत. मोटन हायस्कूल १९३९ साली बांधले गेले, सुमारे १८० मुलांसाठी. शाळेला नाव दिले ते रॉबर्ट रुसा मोटन यांचे. ते याच काउंटीत वाढले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख झाले. १९५० उजाडेपर्यंत या शाळेत साडेचारशेहून अधिक मुले कोंबली गेली होती. काउंटीने यावर काढलेला उपाय छायाचित्रांत दिसतो: लाकडी सांगाडे उभारून त्यांना बाहेरून डांबरी कागद ठोकलेली तीन बैठी खोपटी. हिवाळ्यात आत एक लोखंडी शेगडी पेटायची. तिच्याजवळ बसलेला भाजून निघे आणि भिंतीकडचा अंगात कोट घालून कुडकुडत बसे. पाऊस आला की छत गळे. गावातली माणसे या खोपट्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत.

हा मुलांचा कांगावा होता असे कोणी म्हणेल, तर पुढे ज्या न्यायालयाने मुलांविरुद्ध निकाल दिला त्याचेच निकालपत्र पाहावे. मोटन शाळेत व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही, आजारी मुलाला झोपवायला खोली नाही, अशी नोंद त्यात आहे. गोऱ्यांच्या शाळांत शिकवले जाणारे पदार्थविज्ञान, जगाचा इतिहास, लॅटिन, वरच्या इयत्तेचे टंकलेखन आणि लघुलेखन, लाकूडकाम आणि धातुकाम हे विषय मोटनमध्ये शिकवले जात नाहीत, हेही त्यात आहे. म्हणजे फरक विटांपुरता नव्हता. एका शाळेत शिकलेला मुलगा कारकून किंवा इंजिनियर होण्याच्या वाटेला लागू शकत होता. दुसऱ्या शाळेत ती वाटच आखलेली नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने यात दोन गोष्टी होत्या. व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेच्या १४० व्या कलमात गोरी आणि 'रंगीत' मुले एका शाळेत शिकवली जाणार नाहीत, असे स्वच्छ लिहिलेले होते. आणि १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी होती, की सोयी समान असतील तर वेगळे ठेवण्यात घटनाभंग नाही. पैकी 'वेगळे' हे काटेकोर पाळले जात होते. 'समान' कोणी तपासत नव्हते. मोटनचे मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि पालक-शिक्षक संघाच्या वतीने पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन हे दोघे शालेय मंडळाच्या बैठकांना खेटे घालत होते. जागा पाहतो आहोत, पैसे पाहतो आहोत, अशी उत्तरे मिळत गेली. शेवटी दर बैठकीला येण्याची गरज नाही, काही ठरले की कळवू, इथवर मजल गेली.

*

आता बार्बराची पाने. हा आधार आठवणीचा आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचा. जन्म ६ मार्च १९३५, न्यूयॉर्कचा; वाढली मात्र प्रिन्स एडवर्ड काउंटीत, शेतावर. तिचे काका व्हर्नन जॉन्स हे अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात पाद्री होते, अतिशय फटकळ आणि अतिशय विद्वान. (त्यांच्यानंतर त्या चर्चमध्ये आलेल्या तरुण पाद्र्याचे नाव मार्टिन लूथर किंग.) शाळेच्या दुरवस्थेबद्दल बार्बरा संगीताच्या शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याजवळ कुरकुरली, तेव्हा त्यांनी विचारले, मग तू काही करत का नाहीस? तिला आधी वाटले, बाईंनी बोळवण केली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मग एक सकाळ. धाकट्या भावंडांना बसवर घालून देण्याच्या गडबडीत तिचा डबा घरी राहिला. तो आणायला ती धावत गेली आणि तेवढ्यात बस निघून गेली. रस्त्याच्या कडेला ती कोणाच्या तरी गाडीची वाट पाहत उभी होती. तासाभराने गोऱ्या मुलांची शाळेची बस समोरून गेली. अर्धी रिकामी, जाणार त्याच फार्मव्हिलला, आणि तिला घेणार नाही. आपल्याला काहीतरी केलेच पाहिजे हे त्या दिवशी पक्के झाले, असे ती लिहिते. हा प्रसंग इतका नेमका बसतो, की मागाहून घासूनपुसून सांगितला असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. पण त्यातली परिस्थिती इतर कागदांशी जुळते. दोन वेगळ्या बसगाड्या त्याच रस्त्याने त्याच गावाला जात होत्या, कारण कायदाच तसा होता.

तिने मोजक्या मुलांना हाताशी धरले. विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष कॅरी स्टोक्स, तिचा भाऊ जॉन, आणखी काही. महिनोन्महिने गुप्तता पाळली. मोठ्यांना सांगायचे नाही, हा पहिला नियम. सांगितले तर ते अडवतील किंवा अडकतील.

२३ एप्रिलचा घटनाक्रम मुलांच्या आठवणींवर उभा आहे, आणि त्या एकमेकींशी जुळतात. अकराच्या सुमारास मुख्याध्यापकांना फोन आला, की तुमची काही मुले गावात बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत. जोन्स लगोलग निघाले. ते जाताच प्रत्येक वर्गात चिठ्ठी गेली: सर्वांनी सभागृहात जमावे. खाली सही म्हणून एकच अक्षर, 'जे'. मुख्याध्यापकांची चिठ्ठी समजून शिक्षकांनी वर्ग सोडले. पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापक नव्हते, सोळा वर्षांची बार्बरा होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. कुजबुज आणि चुळबुळ थांबेना, तेव्हा पायातला बूट काढून लाकडावर आपटला. मग शाळेची सगळ्यांना पाठ असलेली हालत तिने पुन्हा एकदा सांगितली आणि म्हणाली, नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात जायचे नाही. जोन्स परतले तेव्हा मुले उठली होती. त्यांनी विनवून पाहिले. मुले बधली नाहीत. साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी बाहेर पडले. फलक आधीच रंगवून ठेवलेले होते.

शिक्षण अधीक्षक मॅकिल्वेन यांनी मुलांना एकच सांगितले: आधी वर्गात जा. मुलांनी पाद्री ग्रिफिन यांचा सल्ला घेतला, आणि त्याच दिवशी सुरुवातीचे ते पत्र लिहिले गेले.

*

इथे तारखा नीट पाहायच्या. संपाच्या दिवसांत आणि पुढे कित्येक वर्षे गोऱ्या वर्तुळात एक गोष्ट ठामपणे बोलली जात होती: पोरे कसली संप करतात, बाहेरच्या वकिलांनी चिथवले, नाहीतर मुख्याध्यापकाने. संप २३ तारखेचा. वकिलांना पत्र २३ तारखेचे, आणि त्यात संप होऊन गेल्याचे कळवलेले आहे. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील गावात आले बुधवारी, २५ तारखेला. तेही मुद्दाम नाही; पुलास्की काउंटीतल्या दुसऱ्या एका शाळेच्या खटल्यासाठी निघाले होते, वाटेत थांबले. हिल यांच्या आठवणीनुसार दोघे मनाशी ठरवून आले होते, की मुलांची समजूत घालायची आणि त्यांना शाळेत परत पाठवायचे. प्रिन्स एडवर्ड ही जुन्या वळणाची, तंबाखूच्या पट्ट्यातली काउंटी. असला खटला लढायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. वकिलांच्या चिथावणीची गोष्ट या तारखांत बसत नाही. उलट वकिलांना गळ घालणारी मुले आहेत.

पण मुलांची मागणी जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, हेही तितकेच खरे. १९५० साली एनएएसीपीने धोरण बदलले होते. 'समान सोयी द्या' अशा मागणीचे खटले यापुढे घ्यायचे नाहीत; लढायचे ते 'वेगळे' या शब्दाशीच. म्हणून रॉबिन्सन आणि हिल यांनी मुलांपुढे अट ठेवली. चांगली इमारत मागणार असाल तर आम्ही नाही. वेगळ्या शाळाच रद्द करा म्हणून दावा लावणार असाल, आणि तुमचे आईबाप पाठीशी असतील, तर आम्ही आहोत. मुलांपुढे दोन दिवसांपूर्वीपर्यंत डांबरी कागद होता. आता समोर राज्यघटना आली. त्यांनी हो म्हटले.

हे वळण सगळ्यांना पटले नाही. ३ मे रोजी ग्रिफिन यांच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली. मोटनचे माजी मुख्याध्यापक जोसेफ परव्हॉल उभे राहिले. आपण चांगल्या शाळेसाठी म्हणून आलो होतो, ही एकत्र शाळांची मागणी कुठून आली, असा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. पत्र वाचलेल्या कोणालाही तो पडावा. बार्बरा उठली आणि भर सभेत तिने त्यांना गोऱ्यांपुढे लवणारा माणूस ठरवले. वयाला आणि मानाला न शोभणारे बोल, पण सभा तिच्या बाजूने झुकली. ग्रिफिन यांनीही आपल्या पदाचे वजन तिच्या पारड्यात टाकले.

७ मे रोजी मुले वर्गात परतली. २३ मे रोजी, संपाला बरोबर एक महिना झाल्यावर, रॉबिन्सन यांनी रिचमंडच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. वादी ११७ विद्यार्थी. अज्ञान मुलांना स्वतःच्या नावावर दावा लावता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने पालक. यादीत पहिले नाव एका शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलीचे, डोरोथी डेव्हिसचे. म्हणून खटल्याचे नाव डेव्हिस विरुद्ध काउंटी शालेय मंडळ. संपाची पुढारी खटल्याच्या नावात नाही. ती गावातही राहिली नाही. जिवाला धोका वाटून घरच्यांनी तिला माँटगोमेरीला काकांकडे पाठवले. मुख्याध्यापक जोन्स यांना पुढच्या वर्षी कामावर ठेवले गेले नाही.

*

खटला २५ ते २९ फेब्रुवारी १९५२ असे पाच दिवस चालला, तीन न्यायाधीशांपुढे. वाद्यांच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी साक्ष दिली, की वेगळे ठेवल्याने मुलाच्या मनाला इजा होते. राज्याने कोलंबिया विद्यापीठातले हेन्री गॅरेट आणले. ते मूळचे व्हर्जिनियाचे, आणि क्लार्क यांचे एके काळचे शिक्षक. त्यांनी सांगितले, की व्हर्जिनियाच्या परिस्थितीत वेगळ्या शाळाच बऱ्या.

निकाल आठवड्याने लागला, ७ मार्चला. न्यायालयाने इमारत, अभ्यासक्रम आणि बसगाड्या यांतली विषमता मान्य केली आणि ती दूर करा असा काउंटीला आदेश दिला. मात्र वेगळेपणाला हात लावला नाही. ते पूर्वग्रहातून आलेले नसून व्हर्जिनियाच्या जीवनपद्धतीचा भाग आहे, आणि त्यामुळे कोणत्याही वंशाला इजा झाल्याचे आम्हाला आढळले नाही, असे निकालपत्र म्हणते. डांबरी कागदाच्या खोपट्यांची छायाचित्रे ज्या फायलीत आहेत, त्याच फायलीत हे वाक्य आहे.

काउंटीने मग खरोखरच घाई केली. जे दहा वर्षांत झाले नव्हते ते दीड वर्षात झाले. १९५३ साली नवे, विटांचे मोटन हायस्कूल उभे राहिले. २३ एप्रिलच्या पत्रातली मागणी शब्दशः पुरी झाली. उशीर मात्र झाला होता, कारण दरम्यान मुलांनी मागणी बदलली होती आणि अपील वॉशिंग्टनला पोचले होते. तिथे कॅन्सस, साउथ कॅरोलिना, डेलावेअर आणि राजधानीतल्या अशाच खटल्यांबरोबर ते चालले. या पाचांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला खटला हा एकच. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की शिक्षणात वेगळे ठेवणे हेच मुळात असमान आहे. हा निकाल जग ब्राऊन खटला म्हणून ओळखते.

आठवणी सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. कागद थांबू देत नाहीत. १९५५ च्या पुढच्या आदेशात न्यायालयाने मुदत घातली नाही. 'विचारपूर्वक वेगाने' बदल करा, एवढेच म्हटले. व्हर्जिनियाने यातला विचार घेतला, वेग सोडला. सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने राज्याने निकालाला सर्व बाजूंनी विरोध करण्याचे धोरण आखले. आणि शाळा एकत्र करण्याची मुदत खरोखरच अंगावर आली, तेव्हा जून १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. सार्वजनिक शाळा बंद. नवे विटांचे मोटन हायस्कूलही बंद. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी तयार होती. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हते. काहींना नातेवाइकांकडे परगावी धाडले, क्वेकर पंथाच्या संस्थेने काहींची अन्य राज्यांत सोय लावली, चर्चच्या तळघरांत वर्ग भरले. पुष्कळांची शाळा कायमची सुटली. १९६३ च्या सप्टेंबरात देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. तेव्हा आलेल्या मुलांत अशीही होती, की चार वर्षांत वर्गाचे तोंड पाहिलेले नव्हते.

शेवटी पुन्हा न्यायालय. यावेळी खटल्यावर नाव होते पाद्री ग्रिफिन यांच्या मुलाबाळांचे. २५ मे १९६४ रोजी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालात लिहिले, की नुसत्या 'विचारपूर्वक वेगाची' वेळ आता संपली आहे. कर बसवून शाळा उघडायला लावण्याचा अधिकार खालच्या न्यायालयाला आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. त्या वर्षी काउंटीच्या शाळा उघडल्या. संपाला तेरा वर्षे झाली होती.

आता हे सगळे कागद एकापुढे एक मांडले, तर तीन उत्तरे दिसतात. मुलांनी इमारत मागितली, तेव्हा काउंटीने चालढकल केली. मुलांनी हक्क मागितला, तेव्हा काउंटीने इमारत दिली. न्यायालयाने हक्क दिला, तेव्हा काउंटीने इमारतीला कुलूप लावले. परव्हॉल यांच्या सवालाचे उत्तर या क्रमात आहे. चांगली शाळा आणि एकत्र शाळा या दोन वेगळ्या मागण्या आहेत, असे १९५१ साली चर्चमध्ये बसलेल्या शहाण्या माणसाला वाटू शकत होते. १९५९ नंतर तसे म्हणायला जागा उरली नाही. जी इमारत दुसऱ्याच्या मर्जीने मिळते, ती त्याच्या मर्जीने बंदही होते. वकिलांना हे अनुभवाने माहीत होते. सोळा वर्षांच्या मुलीने ते दोन दिवसांत उमजून घेतले, हे तिचे श्रेय. बूट आपटण्याच्या गोष्टीपेक्षा ते मोठे आहे.

बार्बरा जॉन्स पुढे लग्नानंतर बार्बरा जॉन्स पॉवेल झाली, फिलाडेल्फियात तिने शाळांच्या ग्रंथालयांत काम केले आणि १९९१ साली ती वारली. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळा बंद ठेवल्याबद्दल २००३ साली खेद व्यक्त केला. १८० मुलांसाठी बांधलेली जुनी मोटन शाळा आज संग्रहालय आहे. ते उघडले २००१ साली, संपाच्या पन्नासाव्या वर्षी.